वांकडा कणा आणि कोंडलेला श्वास

दौलताबादचें नांव निघालें कीं देवगिरीचे यादव, महंमद तुघलकानें १३२७ सालीं दिल्लीहून येथें हलविलेली राजधानी, तासून उभा केलेला कडा आणि किल्ल्यांतील ती अंधारी वाट, एवढ्या गोष्टी आपल्याकडील शाळकरी मुलासहि सांगतां येतात. परंतु याच देवगिरीच्या राजसभेंत तेराव्या शतकांत वैद्यकाचाहि अभ्यास चालत असे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि, ज्यास आपण हेमाडपंत म्हणून ओळखतों, त्यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा केशव नांवाच्या वैद्याचा पुत्र. त्यानेंहि वैद्यकावर ग्रंथरचना केली. ज्या शास्त्राची ही विद्वान् मंडळी चर्चा करीत होती, त्या शास्त्रानें पाठीच्या वांकडेपणाची गणना फार पूर्वींच व्याधींत केली होती. चरकसंहितेंत वाताचे जे ८० विकार मोजले आहेत, त्यांत ‘कुब्जत्व’ हा एक आहे.

प्राचीन वैद्यांनीं ज्यास रोग म्हटलें त्यास आज आपण सुशिक्षित माणसें व्यंग समजून झांकून ठेवतों, हें पाहून नवल वाटतें. मुलास ताप आला तर घटकाभरांत थर्मामीटर लागतो, दांत दुखला तर दंतवैद्याकडे धांव घेतली जाते. पण बारा वर्षांच्या मुलीचा एक खांदा उंच दिसूं लागला तर आई तिच्या झंपराची शिवण बदलून घेते. आजी म्हणते, दप्तर एकाच खांद्यावर घेते त्याचा हा परिणाम. काका म्हणतात, वाढीचें वय आहे, आपोआप सरळ होईल. आणि मनांतून सर्वांनाच एक धास्ती असते कीं, पुढें लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट निघाली तर काय करावें? ती धास्ती स्वाभाविक आहे. परंतु तिच्यापायीं दोन-तीन वर्षें निघून जातात, आणि उपचारास अनुकूल अशीं वर्षें बहुधा तींच असतात. वांकड्या कण्यापासून शरीरास कोणते अपाय संभवतात, कोणते संभवत नाहींत, आणि घरच्या माणसांनीं कोणत्या वेळीं काय पाहावें, हें वाचकांपुढें स्पष्ट मांडावें असा आमचा या लेखांत हेतु आहे.

प्रथम कण्याची रचना पाहूं. आपला कणा मणक्यांची एक माळ आहे. मानेचे ७ मणके, बरगड्या ज्यांस जोडलेल्या असतात ते पाठीचे १२, कमरेचे ५, आणि त्यांखालीं एकमेकांशीं जुळून गेलेले त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे बहुधा ४. या माळेच्या पोकळींतून मज्जारज्जू खालीं उतरतो. बाजूनें पाहिलें असतां कणा सरळ नसतो. मानेशीं व कमरेशीं तो आंत वळलेला आणि पाठीशीं किंचित् बाहेर आलेला असतो. हीं वळणें भार पेलण्याकरितां निसर्गानेंच ठेविलेलीं आहेत. मागून पाहिल्यास मात्र तो ओळंब्यांत दिसला पाहिजे. मागून पाहतांना कणा उजवीकडे किंवा डावीकडे वळलेला असेल, तर त्या विकारास डॉक्टर ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. आपण त्यास पार्श्ववक्रता म्हणूं. पाठीचा बाहेरचा बांक प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे पोक किंवा कुबड येतें. त्याचें डॉक्टरी नांव ‘कायफोसिस’.

पार्श्ववक्रता अंशांत मोजतात. क्ष-किरणांच्या चित्रावर ती मोजण्याची रीत जॉन कॉब या अमेरिकन अस्थिवैद्यानें १९४८ सालीं प्रसिद्ध केली, आणि जगभर आजहि तीच चालते. १० अंशांखालील वळणास रोग मानीत नाहींत. १० अंशांचें अथवा त्याहून अधिक वळण किशोरवयांतील शंभर मुलांमागें दोघां-तिघांत आढळतें. त्यांपैकीं बहुतेकांचें वळण सौम्यच राहतें. सौम्य वळणाचें प्रमाण मुलगे व मुली यांत जवळजवळ सारखें. परंतु वाढत जाऊन उपचारांची गरज लावणारें वळण मुलींत कित्येक पटींनीं अधिक असतें. पार्श्ववक्रतेच्या सुमारें ८० टक्के रुग्णांत निश्चित कारण सांपडत नाहीं. दप्तराचें ओझें, एका कुशीवर झोपणें, वांकून अभ्यास करणें अथवा हातांतील मोबाईल यांपैकीं कशानेंहि हा रोग होत नाहीं. तेव्हां त्यावरून मुलीस बोल लावणें अन्यायाचें आहे. एका भावंडास हा विकार असल्यास दुसऱ्यास होण्याचा संभव मात्र अधिक असतो. म्हणून सर्व भावंडांच्या पाठी तपासून घ्याव्यात.

आतां या वळणाचा श्वासाशीं काय संबंध? कणा वळतो तेव्हां तो नुसता बाजूस झुकत नाहीं, स्वतःभोंवतीं पिळलाहि जातो. बरगड्या त्यास जोडलेल्या असल्यामुळें त्याहि फिरतात. एका बाजूच्या बरगड्या मागें फुगून उंचवटा येतो, दुसऱ्या बाजूच्या आंत दबतात. छातीचा पिंजरा असा मुरगळला म्हणजे फुप्फुसांस पसरावयास जागा उरत नाहीं, आणि श्वास ओढणाऱ्या स्नायूंना, गंजलेला भाता ओढावा तसे, प्रत्येक वेळीं अधिक कष्ट पडतात. छातीच्या भागांतील वळण ७०-८० अंशांच्या पुढें गेलें कीं श्वसनशक्ति उणी झाल्याचें तपासणींत स्पष्ट दिसतें. १०० अंशांपलीकडे धोका गंभीर होतो. रक्तांत प्राणवायु कमी पडतो व कार्बन डायऑक्साइड सांचतो. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब चढतो, त्या दाबाविरुद्ध रक्त लोटून लोटून हृदयाची उजवी बाजू थकते, आणि अखेरीस पायांवर सूज येते. हा बिघाड प्रथम रात्रीच्या झोपेंत सुरू होत असल्यामुळें तो पुष्कळ दिवस ओळखूं येत नाहीं. सकाळीं उठतांना डोकें जड असणें, दिवसा पेंग येणें, कामांत लक्ष न लागणें, हीं त्याचीं लक्षणें. आणि घरांत त्यांस आळस हें नांव मिळतें! वेळेवर ओळखल्यास रात्रीं मुखपट्टीनें श्वासास साहाय्य देणाऱ्या यंत्राचा अशा रुग्णांस चांगला उपयोग होतो.

शाळांच्या सहली दौलताबादेस नेहमींच जातात. सुमारें २०० मीटर उंचीच्या त्या टेकडीवर बारादरीपर्यंत चढतांना सर्वच मुलें धापा टाकतात. त्यांत विशेष असें कांहीं नाहीं. परंतु बरोबरीचीं मुलें दोन मिनिटांत सांवरून पुढें पळालीं असतां एखादी मुलगी पायरीवर बसून राहते, आणि बराच वेळ गेला तरी तिचा श्वास जागेवर येत नाहीं, असें दिसल्यास शिक्षकांनीं तें घरीं अवश्य कळवावें. अंगांत रक्त कमी असणें, दमा, हृदयाचा जन्मजात दोष अशीं दुसरीं कारणेंहि असूं शकतात. पण तपासणी करतांना मुलीची पाठहि पाहिली गेली पाहिजे. आणखी एक गोष्ट. फुप्फुसांतील वायुकोशांची संख्या मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत वाढते. म्हणून जन्मतः मणके सदोष असलेल्या अथवा पांच वर्षांच्या आंत कणा वळूं लागलेल्या मुलास सर्वांत अधिक जपावें लागतें. फुप्फुसें वाढण्याच्या काळींच छाती आखडली तर ती उणीव पुढें भरून निघणें कठीण.

हें वाचून ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं घाबरून जाऊं नये. अमेरिकेंतील आयोवा येथें, किशोरवयांत वक्रता आलेल्या परंतु उपचार न झालेल्या रुग्णांचा ५० वर्षें पाठपुरावा करण्यांत आला; त्याचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. या लोकांचें आयुर्मान इतरांच्या मानानें विशेष कमी आढळलें नाहीं. त्यांनीं नोकऱ्या केल्या, संसार केले. पाठदुखी मात्र त्यांच्यांत अधिक होती, आणि ज्यांचें छातीचें वळण ८० अंशांवर गेलें होतें त्यांस धाप लागण्याचा संभव अधिक होता. तेव्हां सौम्य वक्रता घेऊन माणूस सुखानें जगूं शकतो. भय आहे तें वाढणाऱ्या वळणाचें. उंची वाढावयाची थांबली म्हणजे लहान वळण बहुधा थांबतें. पण तोंवर तें ५० अंशांपलीकडे गेलें असेल तर पुढेंहि वर्षास सुमारें एका अंशानें वाढत राहतें. सोळाव्या वर्षीं ५५ अंश असलेलें वळण पंचेचाळिशीच्या सुमारास ८० च्या घरांत पोंचूं शकतें, म्हणजे स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची व लग्नाची जबाबदारी अंगावर असतांना त्या बाईस जिना चढवेनासा होतो.

हें टाळावयाचें तर पाठ वेळेवर पाहिली पाहिजे. त्याची रीत अत्यंत सोपी आहे; विल्यम ॲडम्स या इंग्रज शस्त्रवैद्यानें ती १८६५ सालीं सांगितली. मुलीस पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात एकमेकांस लावून नमस्कारासाठीं वांकावें तसें पुढें वांकण्यास सांगावें. मागें बसून, पाठीच्या पातळीशीं नजर नेऊन पाहावें. पाठीची एक बाजू दुसरीहून उंच दिसली तर कणा पिळला गेला आहे असें समजावें. सरळ उभें केलें असतां एक खांदा उंच, एका बाजूचें पाखें बाहेर आलेलें, कमरेच्या दोन्ही बाजूंची खोलगट विषम, परकर एका बाजूस लोंबणारा, अशा खुणा दिसतात. नुसतें पोक काढून बसण्याची सवय असेल तर ताठ बस म्हटल्याबरोबर पाठ सरळ होते. खरी वक्रता तशी होत नाहीं. दहाव्यापासून चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे मुलगी झपाट्यानें उंच होत असतांना व ऋतुप्राप्तीच्या आगेमागें, दर सहा महिन्यांनीं एकदां आईनें किंवा मोठ्या काकूनें ही पाहणी करावी. मुलग्यांची वाढ थोडी उशिरा होते; त्यांची पाहणी सोळाव्या वर्षापर्यंत चालू ठेवावी.

वाढीच्या वयांत वळण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर डॉक्टर अंगाच्या मापाचा कडक पट्टा देतात. या पट्ट्याचा उपयोग होतो कीं नाहीं याविषयीं पूर्वीं मतभेद होते. २०१३ सालीं अमेरिका व कॅनडा येथील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टा वापरणाऱ्यांपैकीं ७२ टक्के मुलांचें वळण वाढ पुरी होईतों ५० अंशांच्या आंत राहिलें. नुसत्या देखरेखीखालीं ठेविलेल्यांत हें प्रमाण ४८ टक्के होतें. जितके अधिक तास पट्टा अंगावर, तितका अधिक लाभ, असेंहि त्यांत दिसून आलें. मुलींना दिवसांतून १८ तास तरी पट्टा वापरावयास सांगितलें होतें. आमच्याकडील उन्हाळ्यांत तेरा वर्षांच्या मुलीनें अठरा तास असें चिलखत अंगावर वागविणें म्हणजे एक व्रतच होय. अशा वेळीं घरांतल्या माणसांची खरी परीक्षा असते. पाहुणे आले म्हणजे “तो काढून ठेव” असें एकानें जरी म्हटलें, तरी मुलगी समजते कीं आपल्या अंगावर कांहीं लाजिरवाणी वस्तु आहे; आणि मग ती शाळेंतहि तो चोरून काढूं लागते.

वळण ४५-५० अंशांच्या पुढें गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनीं पोलिओमुळें कणा वांकलेल्या मुलांकरितां पोलादी दांडीनें पाठ सावरण्याची शस्त्रक्रिया योजिली व १९६२ सालीं ती प्रसिद्ध केली. भारत २०१४ सालीं पोलिओमुक्त जाहीर झाला, परंतु त्या साथीनें सुचविलेली ही विद्या पार्श्ववक्रतेच्या असंख्य रुग्णांस उपयोगीं पडली. आतां मणक्यांत स्क्रू बसवून दोन्ही बाजूंस दांड्या जोडतात, आणि शस्त्रक्रिया चालू असतांना मज्जारज्जूच्या संदेशांवर यंत्रानें सतत लक्ष ठेवतात. पाठीचा जेवढा भाग जोडला जातो तेवढा पुढें वांकत नाहीं, मज्जारज्जूस इजा होण्याचा अल्प धोकाहि असतो. हें सर्व डॉक्टरांकडून समजून घेऊनच निर्णय करावा. व्यायाम व योगासनें यांनीं स्नायू बळकट होतात, श्वास सुधारतो. म्हणून तीं करावींत. केवळ आसनांनीं अथवा तेलमर्दनानें मोठें वळण सरळ होतें, असें मात्र कोणी सांगितल्यास त्यावर विसंबून राहूं नये.

येथवर आम्ही मुलींविषयीं लिहिलें. परंतु एकत्र कुटुंबांत दुसरीहि एक पाठ असते, जिच्याकडे कोणाचें लक्ष नसतें, ती सुनेची. महिनेन्‌महिने पाठ दुखत असतां ती कामाच्या रगाड्यांत तसेंच रेटून नेते, किंवा बाळंतपणानंतरचें दुखणें म्हणून शेक घेते. त्या दुखण्याबरोबर संध्याकाळीं बारीक ताप, रात्रीं घाम, अन्नावरची वासना जाणें व वजन उतरणें अशीं लक्षणें असतील, आणि पडून राहूनहि दुखणें थांबत नसेल, तर कण्याच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. कण्याच्या या रोगाचें वर्णन लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं केलें. क्षयाचा जंतु पुढें १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांस सांपडला. हाडांच्या क्षयांपैकीं सुमारें निम्मा क्षय कण्याचाच असतो. जंतु मणक्याची पुढची बाजू पोखरतात, मणका पुढें खचतो आणि पाठीवर टोंकदार कुबड येतें. पू किंवा हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबला गेला म्हणजे पाय लुळे पडतात. त्याची पूर्वसूचना कित्येकदां अगदीं साधी असते: चालतांना चप्पल पायांतून निसटते आणि निसटली हें कळत नाहीं. पायांस मुंग्या येणें, तोल जाणें, लघवीवरचा ताबा सुटणें यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. अशा पाठीस हाडवैद्याकडून हिसका देवविणें किंवा ती रगडून घेणें अत्यंत धोक्याचें आहे.

समाधानाची गोष्ट अशी कीं, हा रोग औषधांनीं बरा होतो. बनारसचे अस्थिवैद्य डॉ. एस. एम. तुली यांनीं १९७५ सालीं कण्याच्या क्षयावर एक मध्यम मार्ग मांडला. सर्वांस औषधें द्यावींत, आणि औषधांनीं सुधारणा होत नसेल किंवा मज्जारज्जूवरील दाब वाढत असेल तरच शस्त्रक्रिया करावी, असें त्याचें सार आहे. क्षयाचीं औषधें सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळतात. दौलताबादच्या परिसरांतील लोकांस पंधरा-सोळा किलोमीटरांवर छत्रपति संभाजीनगर येथें, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, १९५६ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय आहे. सारा मराठवाडा त्यास ‘घाटी’ म्हणून ओळखतो. कण्याच्या क्षयाचीं औषधें बहुधा वर्षभर अथवा त्याहून अधिक काळ घ्यावीं लागतात. दोन महिन्यांत बरें वाटलें म्हणून तीं सोडणें हें रोगास पुन्हा घरांत बोलावणें होय.

तिसरी पाठ आजीची. म्हातारपणीं माणूस वांकायचेंच, असें आपण धरून चालतों. पुष्कळदां तें वांकणें म्हणजे ठिसूळ झालेल्या मणक्यांचे एकामागून एक होणारे अस्थिभंग असतात. बादली उचलतांना कमरेंत कळ आली, आठवड्यानें ती थांबली, आणि एक मणका दबून गेला हें कोणाच्या गांवींहि नसतें. उंची कमी होते, बरगड्या पोटावर टेंकतात, थोडें जेवलें तरी पोट भरल्यासारखें वाटतें, घशाशीं आंबट येतें, श्वास उथळ होतो आणि तोल जाऊन पडण्याचें भय वाढतें. ज्या आजीची उंची तरुणपणच्या मानानें दीड-दोन इंचांनीं घटली असेल तिची हाडें तपासून घ्यावींत. दूध, नाचणी, तीळ, अंगावर सकाळचें ऊन, रोजचें चालणें यांचा उपयोग आहेच. परंतु मणका एकदां दबला असेल तर हाडें बळकट करणारीं औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतलीं पाहिजेत. नाहींतर पहिल्यामागून दुसरा मणका दबण्यास वेळ लागत नाहीं.

आतां लग्नाचा प्रश्न, कारण सर्व लपवालपवीचें मूळ तेथें आहे. सौम्य किंवा मध्यम वक्रता असलेल्या स्त्रीस संसार व मातृत्व यांस सामान्यतः कांहीं बाधा नाहीं. श्वसनशक्ति फार उणी असेल तर गरोदरपणीं विशेष देखरेख लागते; आणि पाठीवर शस्त्रक्रिया झालेली असल्यास प्रसूतीच्या वेळीं भूल देणाऱ्या डॉक्टरांस तें आधीं सांगितलें पाहिजे. म्हणजे ज्या गोष्टी लपविल्या जातात, त्याच आयत्या वेळीं कळल्या नाहींत तर जिवावर बेततात. दोन्हीकडच्या मंडळींनीं हें मोकळेपणानें बोलावें; जें स्थळ एवढ्यानें परत जातें तें गेलेलेंच बरें.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड यास नाटककारानें कुबडा करून सोडलें. २०१२ सालीं लेस्टर शहरांत त्याचा सांगाडा सांपडला, तेव्हां त्याच्या कण्यास ६५ ते ८५ अंशांची पार्श्ववक्रता असल्याचें दिसून आलें. परंतु तो कुबडा नव्हता, आणि असा कणा घेऊनच तो १४८५ च्या लढाईंत लढला होता. धावपटु उसेन बोल्ट यानेंहि आपला कणा वांकडा असल्याचें स्वतः सांगितलें आहे. आपल्या पुराणांत तर आठ ठिकाणीं वांकलेल्या अष्टावक्रास जनकाच्या सभेंत ज्ञान्याचा मान आहे. ज्या समाजानें ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यानें आपल्या मुलीची पाठ पदराखालीं दडवावी हें शोभत नाहीं.

वर्षांतून एक दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं आमच्या घरोघरीं लहानथोरांच्या पाठी पाटावर उघड्या होतात. नरकचतुर्दशीच्या पहांटे आई मुलांना तेल लावते, सून सासूची पाठ चोळते, बहीण भावास उटणें लावते. त्या वेळीं, कोणासहि न दुखवितां, कण्यावरून मानेपासून कमरेपर्यंत एकदां बोट फिरवून पाहावें. तें बोट सरळ खालीं आलें तर आनंदच आहे. तें कोठें बाजूस वळलें, किंवा एखाद्या उंचवट्यावर अडलें, तर दिवाळी आटोपतांच पाठ डॉक्टरांस दाखवावी.